शेऱ्याचा रकाना

यावल नगरपरिषदेत माझ्याकडे जन्म-मृत्यू नोंद.
फेब्रुवारीत मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावर एक फाइल टाकली,
म्हणाले, पर्यावरण पण तुम्हीच बघा आता,
तसं दोन्ही एकच खातं आहे.
ते हसले. मीही हसलो.
चहा आला.

निधी मार्चअखेर संपवायचा होता,
म्हणून शाळेच्या भिंतीवर गंभीर पेंटरकडून
वितळत्या बर्फावरचं पांढरं अस्वल काढून घेतलं,
चौरस फुटाच्या दराने.
तोंड जरा म्हशीवर गेलं,
पण बिल पास झालं.

त्या अस्वलासमोर उभी राहून, सातवी ब,
जुलेखा तडवीने विचारलं,
"सर, याच्या गावाला किती डिग्री असतं?
आन् आपल्या?"
त्याच्या गावचं मला माहीत नव्हतं.
आपल्याही गावचं नव्हतं.
पेपरात नेहमी जळगावचं येतं.

उरलेल्या पैशांत बारा तापमापक बसले.
बाविस्कर बाईंनी पोरं नेमली:
एक शाळेच्या निंबाखाली,
एक स्टँडच्या भिंतीवर,
एक केळीच्या बागेत, घडाच्या सावलीला,
बाकीचे पत्र्याच्या वस्तीत, घराघरांत, खुंटीला.
रोज दुपारी अडीच वाजता वही.
नियम मीच सांगितला:
आकडा पेनने लिहायचा, खाडाखोड चालणार नाही.

सुट्टी लागली तरी वही थांबली नाही.
बारा मे, जुलेखाचं अक्षर:
निंब एकेचाळीस.
केळी अडतीस.
सुपडू भोईंचं घर, सत्तेचाळीस पॉइंट पाच.
त्याखाली बारीक, तिरकं:
आजी आज बोलली नाही.

चौदा मे, माझं अक्षर:
पार्वताबाई सुपडू भोई, वय एकाहत्तर,
कारण वृद्धापकाळ.
दुसरं काय लिहिणार.
सगळे तेच सांगतात, मी तेच लिहितो.

त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर
वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं.
मग कपाटातून मागची नऊ वर्षं काढली,
धूळ झटकून, बोट फिरवत.
आमच्या गावात वृद्धापकाळ
बहुतेक वैशाखातच येतो,
आणि पत्ता विचारत विचारत
पत्र्याखालीच येतो.

सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक नऊ:
वस्तीतील पत्र्यांना चुना लावणेबाबत.
आख्ख्या सभागृहात हशा.
मागून कुणीतरी म्हणालं,
"त्याला ठराव कशाला? पाच-पाच वर्षं लावतोच की!"
मग बाविस्कर बाईंनी जुलेखाला उभं केलं.
तिने भाषण केलं नाही.
घर, तारीख, आकडा.
घर, तारीख, आकडा.
एकविसाव्या घराला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
स्वतःच्या वॉर्डाचं नाव आल्यावर
एका नगरसेवकाने मोबाइल उलटा ठेवला.

ठराव मंजूर. चुन्याचं टेंडर मात्र
अजून कुठल्याशा टेबलावर ऊन खातंय.
बायकांनी वाट पाहिली नाही.
बचत गटातून पोती आणली,
टिपाडात चुना भिजला, सरस पडला,
केरसुण्या बांबूला बांधल्या.
गंभीर पेंटर स्वतःची शिडी घेऊन आला.
दर विचारला तर म्हणाला,
"राहू द्या. ते अस्वल चुकलंच होतं माझं."

सुपडूबाबा निंबाखाली बसून
आपलं छप्पर पांढरं होताना बघत होते.
म्हणाले, "घर कुठी व्हतं भो, तवा व्हता तवा."
दुसऱ्या दिवशी अडीच वाजता: त्रेचाळीस.
साडेचारने कमी.
बाबांनी आकडा दोनदा विचारला,
मग खुंटीवरच्या लुगड्याकडे बघत
बराच वेळ गप्प राहिले.

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, शेरा.
बावीस वर्षांत मी तो कधी भरला नाही.
पार्वताबाईंच्या ओळीत
परवा पेन्सिलीने लिहिलं:
पत्रा. ४७.५.

तपासणी जुलैत आहे.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
आणि खिशाला पेन आहे,
ज्याचा नियम मी पोरांना सांगितला होता.